धूर जातो छातीत, मग पायाचे बोट का काळे पडते? डॉ. खानोलकरांच्या कामापासून समजून घ्या

वीर (ता. महाड) : विडी-सिगारेटने छाती बिघडते, हे वीरपासून पोलादपूरपर्यंत कोणालाही सांगावे लागत नाही. पण चालताना पोटरी भरून येणे, थांबले की बरे वाटणे आणि पुढे पायाचे बोट काळे पडणे, याचा धुराशी संबंध चटकन कोणी जोडत नाही. तंबाखूचा घाव शरीरात नेमका कुठे बसतो, याचा भारतात सर्वप्रथम पद्धतशीर शोध घेणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. (कवी आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, ते वेगळे.)

१८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी केले. मुंबईत ते ग्रँट आणि जी. एस. मेडिकल कॉलेजांत प्राध्यापक होते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

गाठ तपासायचीच, पण माणसाची सवयही विचारायची, ही त्यांची पद्धत. आंध्रच्या विशाखापट्टणम भागात चुट्टा पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. तिथे कर्करोग टाळूला होतो, हे त्यांनी १९४५ मध्ये मांडले. १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबतचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. चघळणाऱ्यांत तोंडाचा, तर ओढणाऱ्यांत घशाकडचा कर्करोग जास्त दिसला. थोडक्यात, तंबाखू किंवा धूर जिथे लागतो, तिथे घाव.

१९५२ मध्ये ते इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे प्रमुख झाले, १९६० ते ६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढचा मोठा धागा दोनच वर्षांनी सापडला. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. इंजिनीअरला तो पाइपचे लायनिंग वाटेल, पण हे लायनिंग जिवंत आहे. वाहिनी सैल पडण्यासाठी हाच थर लागतो, हे अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. तो सोडत असलेला पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले.

धुरातली रसायने फुफ्फुसातून रक्तात उतरतात आणि रक्त जाईल तिथे पोहोचतात. त्यातले फ्री रॅडिकल्स नायट्रिक ऑक्साइड संपवतात, त्यामुळे वाहिनी आखडते. अ‍ॅक्रोलिनसारखी रसायने पेशींना थेट इजा करतात. गुळगुळीत थर चिकट होतो, त्याला पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स चिकटतात, कोलेस्टेरॉल आत शिरते. निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवते, तर कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवते. म्हणजे हृदयाला काम जास्त, पुरवठा कमी.

हृदयाची वाहिनी तुंबली तर झटका, मेंदूची तुंबली तर पक्षाघात. हातापायांच्या लहान वाहिन्या सुजून गुठळ्या होण्याच्या आजाराला बर्जर्स डिसीज म्हणतात. तो बहुतांशी विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत, पंचेचाळिशीच्या आत दिसतो; आपल्याकडे विडीवाल्यांत विशेष. त्यावर तंबाखू पूर्ण बंद करण्याइतका प्रभावी दुसरा इलाज नाही. दिवसाला एक-दोन विड्या चालू राहिल्या तरी आजार पुढे सरकतो आणि बोट किंवा पाय कापण्याची वेळ येऊ शकते. चालताना पोटरी वारंवार दुखत असेल, तर डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्यावी आणि विडी ओढत असल्याचे त्यांना आधी सांगावे.