गुरुदेव रानडे : संतविचारांचे इतिहासकार

जमखंडी हे कानडी मुलखातील पटवर्धनांचे संस्थान. बाजारात कानडी आणि दरबारात मराठी, असे तेथील वातावरण. तेथे ३ जुलै १८८६ रोजी रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म झाला. शाळेत असतानाच, १९०१ साली, त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. पुढे ते पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले. पदवी घेतली ती गणितात. मध्यंतरी जिवावरच्या दुखण्यातून ते उठले आणि १९१४ साली तत्त्वज्ञानात एम. ए. होऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले.

त्या काळी तत्त्वज्ञानाच्या वर्गात प्लेटो आणि कांट यांचे राज्य होते. ओवी-अभंग कीर्तनकारांकडे सोपविलेले. रानडे ग्रीक तत्त्वज्ञांवर अधिकाराने लिहीत, परंतु संतवाणीलाही विचारांच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, हे त्यांना दाखवून द्यावयाचे होते. अडचण एकच होती. ते स्वतः नामसाधक! भक्ताने लिहिलेला इतिहास निःपक्षपाती कसा, असा आक्षेप येणे साहजिक होते. त्याचे उत्तर त्यांच्या अभ्यासपद्धतीत सापडते. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची मूळ वचने विषयवार निवडून त्यांनी ‘वचनामृत’ या नावाने वाचकांपुढे ठेवली. प्रतिपादन पडताळून पाहण्याचे साधनच त्यांनी वाचकाच्या हाती दिले. १९३३ साली त्यांचा ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. डॉ. श्री. कृ. बेलवलकरांसह योजलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा हा सातवा खंड. दुसरा खंड १९२७ साली निघाला होता; बाकीची योजना मात्र अपुरीच राहिली.

१९२७ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात गेले. तेथे तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख व पुढे कुलगुरूही झाले. उत्तरेतील वास्तव्यात कबीर, सूरदास, तुलसीदास यांचा त्यांनी अभ्यास केला. अखेरीस ते वळले आपल्या जन्मभूमीच्या कानडी संतांकडे. मात्र हा ग्रंथ छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ६ जून १९५७ रोजी विजापूर जिल्ह्यातील निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९६० साली.

आपल्या अंकात मराठी व कानडी असे दोन विभाग आहेत. तुकोबा आणि पुरंदरदास या दोघांनाही एकाच कसोटीवर पारखणाऱ्या या प्राध्यापकाचे स्मरण दोन्ही विभागांच्या वाचकांनी ठेवावयास हवे.