मोजक्या शेतांतून देशाचे पीक : डॉ. पां. वा. सुखात्मे

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून पुढे लंडनला गेले. नमुना किती मोठा हवा, हे समूहाच्या आकारापेक्षा त्यातील विविधतेवर ठरते. ती जोखण्यास छोटा प्राथमिक नमुनाही पुरतो, असे त्यांनी १९३५ मध्ये दाखविले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर पिकाचा अंदाज हा लाखोंच्या अन्नाचा प्रश्न झाला. तेव्हा यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील पीककापणीची पद्धत त्यांनी देशात रुजविली. कापणीचा तुकडा फार लहान असल्यास कडेची रोपे आत येऊन उतारा फुगतो. मग शेते कितीही वाढविली तरी चूक तशीच राहते, हे त्यांनी सप्रमाण मांडले. १९५१ पासून रोमच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी जगाची भूक मोजली. १९९७ मध्ये ते निवर्तले. भिलाईभोवतीच्या भातशेतांचा उताराही आज पीककापणी प्रयोगांनीच ठरतो.