मिरजेचे खाँसाहेब



मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात तुमच्यापैकी काहीजण जाऊन आले असतील. त्याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. गाण्याचे नाव काढताच आपल्याकडील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मी जाणतो. त्यांनीही हे चरित्र जरूर वाचावे. यात गाण्याबरोबर एका शाळेचीही हकीकत आहे.

खाँसाहेबांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना गावी ११ नोव्हेंबर १८७२ रोजी झाला. त्या गावावरूनच किराणा घराणे हे नाव पडले. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तेथे सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. दोघांनी संसार मांडण्याचे ठरविले, तेव्हा बडोदे सोडावे लागले. दरबारची नोकरी गेली. पुढे मुंबई, आणि मग मिरज. तंबोरे बनविणाऱ्या कारागिरांचे हे गाव त्यांना मानवले. वाद्य दुरुस्त करण्याचे कसब त्यांच्या स्वतःच्या हातातही होते.

आता शाळेची गोष्ट. त्या काळी घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा बहुतेक उस्तादांचा बाणा असे. शागीर्दाने वर्षानुवर्षे सेवा करावी आणि उस्तादाच्या मर्जीने चार चिजा पदरात पाडून घ्याव्यात! खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला दार उघडे ठेवले. गरीब मुले तेथेच राहात, तेथेच जेवत. खर्च खाँसाहेबांच्या जलशांच्या मिळकतीतून भागे. संस्था चालविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजातील मंडळींना सांगायला नको. एका माणसाच्या गळ्यावर इतक्या मुलांचे पोट आणि शिक्षण अवलंबून होते. घसा बसला, की चुलीचीच पंचाईत!

कुंदगोळचे रामभाऊ हे त्यांचे पट्टशिष्य. पुढे ते सवाई गंधर्व म्हणून गाजले, आणि त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. रोशनआरा बेगमही खाँसाहेबांच्याच तालमीतल्या.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, पण आपल्या संगीतात बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या मोजण्याचा प्रयत्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी करीत होते. त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचे व कानाचे मोठे साहाय्य झाले. सुरेलपणा हाच त्यांच्या गाण्याचा प्राण. त्यासाठी ते रागाची बढत अगदी सावकाश, एकेका स्वरावर थांबत करीत. म्हैसूर दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. दक्षिणेतील संगीत त्यांनी आवडीने अभ्यासले आणि तिकडची सरगमेची पद्धत आपल्या गाण्यात आणली. उत्तरेच्या गवयांत हे त्या काळी विरळाच.

घरी मात्र दुःख आले. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर. सकीना सरस्वतीबाई राणे म्हणून नावारूपाला आली. ज्या बापाने परक्यांची मुले शिकविली, त्याची स्वतःची मुले त्याच्यापासून दूर वाढली. यात दोष कोणाचा, हे ठरविणारे आपण कोण? एवढे खरे की, ती तिन्ही नावे आजही संगीतात आदराने घेतली जातात. खाँसाहेबांनी मात्र पुढे मिरजेलाच कायमचे बिऱ्हाड केले.

१९३७ साली ते पुन्हा दक्षिणेच्या दौऱ्यावर होते. २७ ऑक्टोबरला मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना रात्री गाडीत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावरच बिछाना घालण्यात आला. त्यांनी नमाज अदा केली, तंबोरा जुळवायला सांगितला, आणि दरबारी रागात कलमा गात असतानाच त्यांचा इंतकाल झाला, असे सांगतात.

जनाजा मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दरसाल उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे हिंदू-मुसलमान गवई तेथे हजेरी लावून गेले आहेत. पनवेलहून पुण्यामार्गे मिरजेला रेल्वेने जाता येते.