मेंदूंतील पहारेकरी ओळखणारे शास्त्रज्ञ : पिओ देल रिओ-ओर्तेगा

मिरज हें गांव रुग्णसेवेकरितां दूरवर प्रसिद्ध आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं येथें १८९४ सालीं इस्पितळ उघडलें व १८९७ सालीं वैद्यकशाळा सुरू केली. अशा गांवच्या विद्यार्थ्यांस पाश्चर, लिस्टर, कॉक हीं नांवें बहुधा ठाऊक असतात. परंतु मेंदूच्या दाहाविषयीं आज जगास जें ज्ञान आहे, त्याचा पाया ज्यांनीं घातला त्या स्पॅनिश शास्त्रज्ञाचें नांव आमच्याकडे क्वचितच ऐकूं येतें. मेंदूचा ताप मात्र आमच्या प्रांतास अपरिचित नाहीं. १९६५ सालीं नागपूर जिल्ह्यांतील चांदीपुरा गांवच्या तापाच्या रोग्यांपासून पुण्याच्या संशोधकांस एक नवा विषाणु मिळाला, व त्या गांवाचेंच नांव त्यास देण्यांत आलें. पुढें २००३ सालीं आंध्र व महाराष्ट्र या प्रांतांत मुलांमध्यें मेंदूच्या तापाची जी भयंकर सांथ आली, तिचा संबंध याच विषाणूशीं जोडला गेला. म्हणून पिओ देल रिओ-ओर्तेगा यांचें चरित्र आमच्या वाचकांस सादर करणें आम्हांस उचित वाटतें.

ओर्तेगा यांचा जन्म ५ मे १८८२ रोजीं स्पेनमधील वयादोलिद प्रांतांत पोर्तियो नांवाच्या लहानशा गांवीं झाला. वयादोलिद येथें वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते १९०५ सालीं पदवीधर झाले, व कांहीं काळ आपल्याच गांवीं वैद्य म्हणून राहिले. परंतु रोग्याची नाडी पाहतां पाहतां रोगाचें मूळ पाहण्याची ओढ त्यांस स्वस्थ बसूं देईना. शरीराचे अत्यंत पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें, हीच त्यांची आवड होती. पॅरिस व बर्लिन येथें शिष्यवृत्तीवर अभ्यास करून ते माद्रिदला परतले व निकोलास आचूकार्रो या तरुण पंडिताच्या हाताखालीं काम करूं लागले.

त्या काळीं माद्रिदमध्यें सान्तियागो रामोन इ काहाल यांचें नांव सूर्यासारखें तळपत होतें. मेंदू हा स्वतंत्र मज्जापेशींचा बनलेला आहे हें त्यांनीं दाखविलें, व १९०६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मज्जापेशींच्या सभोंवार दुसऱ्याहि पेशी असतात. त्यांस ग्लिया, म्हणजे ग्रीक भाषेंत सरस, असें नांव होतें. आमच्या गांवचे सतारमेकर जसे भोपळा व लांकूड सरसानें जोडतात, तशाच या पेशी मेंदूस केवळ सांधून धरीत असाव्यात, असा पूर्वीं समज होता. काहाल यांनीं १९१३ सालीं सोन्याच्या क्षारानें यांतील तारकापेशी उत्तम रीतीनें रंगवून दाखविल्या. तरीहि कांहीं पेशी उरल्याच. त्यांचा गोल केंद्रभाग दिसे, पण हात-पाय दिसत नसत. काहाल यांनीं त्यांस मेंदूचा तिसरा घटक म्हटलें.

हें कोडें सोडविण्याचें काम ओर्तेगा यांच्या वांट्यास आलें. त्यांचे गुरु आचूकार्रो १९१८ सालीं अवघ्या सदतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्याच वर्षीं ओर्तेगा यांनीं चांदीच्या कार्बोनेटाची एक नवी रंजनपद्धति सिद्ध केली. मेंदूचा तुकडा फॉर्मॅलिन व अमोनियम ब्रोमाइड यांच्या द्रावणांत मुरवावयाचा, गोठवून त्याचे काप काढावयाचे, व ते चांदीच्या द्रावणांत बुडवावयाचे, अशी ती रीति होती. ऊब किंवा वेळ यांत थोडीहि चूक झाली तर सर्व श्रम वायां जात. तंबोऱ्याची जवारी लावतांना कारागिराचा हात जसा बेतानें चालावा लागतो, तसाच हाहि हातगुणाचा उद्योग होता. अखेर त्या फिकट पार्श्वभूमीवर बारीक, कांटेरी, अनेक फांद्यांच्या पेशी काळ्याभोर उमटल्या. काहाल यांचा तिसरा घटक एक नसून दोन निराळ्या जातींचा आहे हें उघड झालें. त्यांतील बारीक पेशींस ओर्तेगा यांनीं १९१९ सालीं मायक्रोग्लिया हें नांव दिलें. दुसऱ्या जातीस पुढें ऑलिगोडेंड्रोग्लिया हें नांव मिळालें.

केवळ नांव देऊन ते थांबले नाहींत. प्राण्याच्या मेंदूस इजा करून निरनिराळ्या दिवशीं त्यांनीं काप पाहिले. निरोगी मेंदूंत या पेशी आपल्या नाजूक शाखा पसरून जागच्या जागीं असतात. इजा झाली कीं त्या शाखा आंखडून घेतात, फुगीर व गोल होतात, जखमेकडे सरकतात, आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळून टाकतात. तसेंच इतर ग्लिया ज्या गर्भस्तरापासून उपजते त्यापासून या पेशी उपजत नाहींत, तर गर्भावस्थेंत बाहेरून मेंदूंत प्रवेश करितात, असें त्यांनीं प्रतिपादिलें. म्हणजे मेंदूचे हे पहारेकरी त्याच्या कुळांतले नव्हेत, ते बाहेरून येऊन तेथें कायमचे राहिलेले आहेत.

आतां या चरित्रांतील दुःखाचा भाग सांगणें प्राप्त आहे. तिसरा घटक दुभंगला ही गोष्ट वृद्ध काहाल यांस रुचली नाहीं. या पेशी स्कॉटलंडच्या रॉबर्टसन यांनीं पूर्वींच पाहिल्या होत्या असें त्यांनीं मत दिलें, व दुसऱ्या जातीविषयीं शंका प्रकट केली. त्यांत प्रयोगशाळेंतील कानभरणीची भर पडली. अखेर १९२० सालीं ओर्तेगा यांस काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. ज्यांस ते परम गुरु मानीत, त्यांच्याच दारांतून बाहेर पडण्याचा हा प्रसंग होता. आपलें निरीक्षण खोटें म्हणावें तर सत्याशीं द्रोह, व तें खरें म्हणावें तर गुरूचा रोष, असा तो पेंच होता. ओर्तेगा यांनीं निरीक्षण सोडलें नाहीं, आणि गुरूविषयींचा आदरहि सोडला नाहीं. माद्रिदच्या प्रसिद्ध विद्यार्थिनिवासांत त्यांस एक लहान प्रयोगशाळा मिळाली. ती ज्या शास्त्रीय मंडळाच्या आश्रयानें चाले, त्याचे अध्यक्ष स्वतः काहाल होते, ही गोष्ट येथें नमूद केलीच पाहिजे. महापुरुषांचे राग-लोभहि एकपदरी नसतात.

त्या लहान खोलीची कीर्ति लवकरच समुद्रापार गेली. १९२४ सालीं अमेरिकेहून वाइल्डर पेनफील्ड हे तरुण शस्त्रवैद्य ओर्तेगा यांची पद्धति शिकण्यास माद्रिदला आले. रॉबर्टसन यांनीं पाहिलेल्या पेशी मायक्रोग्लिया नव्हत्या, त्या दुसऱ्या जातीच्या होत्या, असें पेनफील्ड यांनीं दाखविलें, व वादाचा निकाल ओर्तेगा यांच्या बाजूनें लागला. नोबेल पारितोषिकासाठीं ओर्तेगा यांचें नांव १९२९ व १९३७ या सालीं सुचविलें गेलें, परंतु तें त्यांस लाभलें नाहीं. मध्यंतरीं माद्रिदच्या कर्करोग संस्थेचें प्रमुखपद त्यांस मिळालें. इतक्यांत १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें. ओर्तेगा यांस मायभूमि सोडावी लागली. प्रथम पॅरिस, मग ऑक्सफर्ड, व १९४० सालीं अर्जेंटिनांतील ब्वेनोस आयरेस, असा त्यांचा प्रवास झाला. जेथें गेले तेथें त्यांनीं पुनः काप, चांदी व सूक्ष्मदर्शक मांडला, व नवे शिष्य तयार केले. १ जून १९४५ रोजीं त्या परक्या शहरीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला. पुढें १९८६ सालीं त्यांच्या अस्थि वयादोलिदला आणून सन्मानानें ठेवण्यांत आल्या.

ओर्तेगा यांनीं पाहिले ते निर्जीव काप होते. जिवंत प्राण्याच्या मेंदूंत या पेशी पाहण्याचें साधन २००५ सालच्या सुमारास संशोधकांच्या हातीं आलें, तेव्हां सर्वांस आश्चर्य वाटलें. विश्रांति घेत आहेत असें वाटणाऱ्या मायक्रोग्लियाच्या शाखा क्षणोक्षणीं लांबत व आंखडत होत्या, जणूं गस्त चालू होती. बारीकशी जखम होतांच कांहीं मिनिटांत सभोंवारच्या शाखा तिकडे धांवल्या. त्यांस बोलावणारा निरोप रासायनिक असतो. ज्या एटीपी नामक द्रव्यापासून पेशीस शक्ति मिळते असें आमचे विद्यार्थी वर्गांत शिकतात, तेंच द्रव्य जखमी पेशींतून बाहेर सांडतें, व तोच संकटाचा पुकारा ठरतो.

पुकारा ऐकून मायक्रोग्लिया स्वतःहि निरोप धाडतात. या निरोपांस सायटोकाइन म्हणतात. त्यांच्या योगानें आसपासच्या पेशी सावध होतात, रक्तांतील लढाऊ पेशी येतात, व दाह उत्पन्न होतो. उलटपक्षीं निरोगी मज्जापेशीहि फ्रॅक्टलकाइन नांवाच्या द्रव्यानें मायक्रोग्लियास शांत राहण्याचा इशारा देत असतात. दाह वेळेवर उठला व वेळेवर निवला तर तो उपकारक होय, कारण जंतूंचा व कचऱ्याचा नाश त्यानेंच होतो. परंतु निवण्याचा निरोप पोंचला नाहीं, तर तोच दाह निरोगी मज्जापेशींसहि जाळूं लागतो. चिथावलेल्या मायक्रोग्लियाचे निरोप ऐकून तारकापेशींचा कांहीं भाग मज्जापेशींस घातक होतो, असें २०१७ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. मेंदूच्या तापांत विषाणूइतकीच ही अनावर आग रोग्यास भोंवते. म्हातारपणीं स्मृति नष्ट करणाऱ्या अल्झायमरच्या रोगांतहि या पेशींचा हात आहे, असें आतां दिसून आलें आहे. त्यांच्या उगमाविषयींचें ओर्तेगा यांचें मतहि मुख्यतः खरें ठरलें. गर्भाच्या आरंभींच मेंदूबाहेर उपजून त्या आंत येतात, हें २०१० सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें.

ओर्तेगा यांच्याजवळ मोठी संपत्ति नव्हती, राजाश्रय टिकला नाहीं, व मायदेशहि अंतरला. जवळ होती ती एक कला, आणि डोळ्यांनीं पाहिलें तें तसेंच सांगण्याची निष्ठा. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें वैद्य होतील, व मेंदूच्या तापानें निपचित पडलेल्या एखाद्या बालकाच्या उशाशीं त्यांस उभें राहावें लागेल. त्या वेळीं कोणती आग विझवावयाची व कोणती जळूं द्यावयाची, हा प्रश्न त्यांच्यापुढें येईल. तो प्रश्न विचारतां येतो, याचें पुष्कळ श्रेय पोर्तियो गांवच्या या वैद्याच्या चांदीच्या बशीस आहे.