भास्कराचार्य आणि आपोआप फिरणारं चाक



२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की आपण मुलांची भाषणं बसवून घेतो. एका वर्षी मी वर्गातल्या एका मुलाला भास्कराचार्यांवर भाषण लिहून दिलं. इंधनाशिवाय आपोआप चालणारं यंत्र त्यांनी शोधलं, असं एक वाक्य मी त्यात घातलं होतं. टाळ्या पडल्या. नंतर त्याच पोराने विचारलं, की ते चाक खरंच फिरतं का? मी उत्तर टाळलं. ते उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून आजचा हा पाठ.

जन्म व घराणे

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. हे वर्ष त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवलं आहे. सह्याद्रीजवळचं विज्जडविड हे आपलं गाव असल्याचं ते सांगतात. हे गाव आजचं नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यांच्या घराण्याचा आपल्या खान्देशाशी असलेला संबंध शिलालेखात कोरलेला आहे. तो पुढे येईलच. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. विद्या घरातच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती.

ग्रंथरचना

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. म्हणजे उतारवयातही त्यांचं काम चालूच होतं.

ग्रहाची गती रोज सारखी नसते. तेव्हा दिवसाची सरासरी न घेता त्या क्षणाची गती कशी काढायची, याचा विचार त्यांनी केला. तिला ते तात्कालिक गती म्हणतात. आज ड्रोन किंवा उपग्रह स्वतःचा तोल सावरतो, तेव्हा त्यालाही क्षणाक्षणाचा बदल मोजावाच लागतो.

स्वयंवह यंत्र

गोलाध्यायात यंत्रांवर एक अध्याय आहे. वेळ मोजण्याची, आकाशातील ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याची यंत्रं त्यात आहेत. त्यातच स्वयंवह यंत्र येतं. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं. त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे बसवायचे, सगळे एकाच बाजूला वाकलेले. आरे अर्धे पाऱ्याने भरून तोंडं बंद करायची. चाक दोन आधारांवर आसावर ठेवलं की ते आपोआप फिरतं, असं वर्णन आहे.

ही कल्पना मूळची त्यांची नाही. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ च्या ग्रंथात असं चाक सांगितलं आहे. भास्कराचार्य हे लपवत नाहीत. गोलाच्या अभ्यासाला या यंत्राची गरज आहे असं नाही, पूर्वीच्यांनी सांगितलं म्हणून आपण देतो, असा खुलासा ते करतात. माझ्या भाषणात नेमका हाच खुलासा गळाला होता!

मग चाक फिरतं का?

नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब जातो, त्यामुळे ती बाजू जड होईल असं वाटतं. पण दुसऱ्या बाजूला आसाजवळ जास्त पारा राहतो आणि हिशोब बरोबरीत सुटतो. हाताने ढकललं तर चाक थोडं फिरेल, मग घर्षणाने थांबेल. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, हा नियम विज्ञानाने १९ व्या शतकात पक्का केला. त्याआधी युरोपातही अनेकांनी अशी चाकं रचून पाहिली. एकही चाललं नाही.

आपोआप चालणं आणि आपोआप सावरणं

आपोआप चालणं जमलं नाही, पण आपोआप सावरणं जमलं. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला दोन गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, वाफेची झडप थोडी मिटते आणि वेग उतरतो. वेग कमी झाला की उलट घडतं. मॅक्सवेलने १८६८ मध्ये याचं गणित मांडलं आणि नियंत्रणशास्त्राचा पाया घातला. आज आयआयटी मुंबईत या विषयावर संशोधन चालतं. मुलांना समजावायला लांब जायला नको. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक दाखवा. पाणी वर आलं की नळ बंद, खाली गेलं की सुरू.

सर्वांत श्रेष्ठ यंत्र

एवढी यंत्रं सांगून झाल्यावर भास्कराचार्य धी-यंत्राला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला, सर्वांत वरचं स्थान देतात. हातात साधी काठी असली तरी बुद्धिमान माणूस बांबूची उंची आणि त्याचं अंतर काढू शकतो, असं ते दाखवून देतात.

पाटणचा मठ

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इ.स. १२०७ मध्ये त्याला दान दिलं. म्हणजे ८०० वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात एका गणितज्ञाच्या ग्रंथांवर चालणारं अभ्यासकेंद्र होतं. हे सांगणारा शिलालेख १९ व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भुसावळहून रेल्वेने चाळीसगाव आणि तिथून गाडीने पाटणादेवी. सहलीसाठी जरूर विचार करा.

वर्गासाठी उपक्रम

उन्हात १ मीटरची काठी उभी करून तिची सावली मोजा. त्याच वेळी ध्वजस्तंभाची सावली मोजा. काठीच्या सावलीच्या जितकी पट ती असेल, तितके मीटर स्तंभाची उंची. दोन गटांची उत्तरं वेगळी आली तर रागावू नका. कुठे चुकलं ते त्यांनाच शोधू द्या.

त्या मुलाला मी नंतर उत्तर दिलं. चाक फिरत नाही, पण तू विचारलेला प्रश्न म्हणजेच धी-यंत्र, असं त्याला सांगितलं. आता भाषणातलं ते वाक्य मी बदललं आहे. आपणही आपल्या शाळेतली भाषणं एकदा तपासून बघा. भास्कराचार्यांचं मोठेपण त्याने रतीभरही कमी होत नाही.