शक्तीचे उपासक श्रीसमर्थ रामदास स्वामी
(संक्षिप्त जीवनचरित्र)

॥ श्रीराम समर्थ ॥

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात देवगाव फाटा आहे. तेथून मंठा व परतूर या मार्गाने जाणाऱ्या भाविकास श्रीक्षेत्र जांब गाठता येते. समर्थ रामदास स्वामींचे हे जन्मस्थान आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात असून ते जांब-समर्थ या नावाने ओळखले जाते. जांबेचे जवळचे रेल्वे स्थानक असलेले परतूर १९८१ साली जालना जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. समर्थांचे नाव घेतले की सज्जनगड, चाफळ आणि कृष्णाकाठ डोळ्यांसमोर येतो. परंतु त्यांच्या विचारांची मुळे गोदावरीच्या या खोऱ्यातच रुजली, ही गोष्ट मराठवाड्यातून यात्रेस निघालेल्या भाविकांनी आवर्जून ध्यानी घ्यावी.

शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे १६०८ साली, रामजन्माच्याच तिथीला सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या सूर्योपासक दांपत्याच्या पोटी समर्थांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव नारायण. थोरले बंधू गंगाधर हे पुढे श्रेष्ठ या नावाने संप्रदायात वंद्य झाले. नारायण सात वर्षांचा असताना पितृछत्र हरपले. बाराव्या वर्षी आसनगाव येथे विवाहाच्या बोहल्यावर उभा असता मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच त्याने मंडप सोडला, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

तेथून नारायण नाशिकला पोहोचला आणि जवळच्या टाकळी येथे गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर त्याने बारा वर्षे तपश्चर्या केली. पहाटे संगमात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून गायत्री व राममंत्राचा जप, सूर्यनमस्कार, माध्यान्ही भिक्षा आणि दुपारनंतर ग्रंथाभ्यास असा त्यांचा नित्यक्रम सांगितला जातो. जपाने मन स्थिर करावे आणि नमस्कारांनी शरीर बलवान करावे, ही दुहेरी साधना त्यांनी कोवळ्या वयात अंगी बाणवली. वाल्मीकी रामायणाची संपूर्ण प्रत त्यांनी याच काळात स्वहस्ते लिहिली असे मानतात. त्यांच्या हस्ताक्षरातील रामायणाची पाने धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन करून ठेवलेली आहेत.

शके १५५४ मध्ये, म्हणजे १६३२ साली, समर्थ टाकळीहून तीर्थाटनास निघाले. त्यांच्या जीवनातील हा खरा वळणाचा काळ होय. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनवर महाभयंकर दुष्काळ कोसळला होता. पाऊस नाही, पेरणी नाही, आणि त्यातच शहाजहान बादशहा बुऱ्हाणपुरास तळ देऊन निजामशाहीवर फौजा पाठवीत होता. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि १६३६ पर्यंत निजामशाही पूर्णपणे संपली. जांब, पैठण, अंबड हा सारा मुलूख या घोड्यांच्या टापांखाली होता. घरातील धान्य फौजेने न्यावे आणि उरलेले अवर्षणाने, अशी रयतेची अवस्था झाली. या दुहेरी संकटाचे वर्णन समर्थांनी अस्मानी सुलतानी व परचक्रनिरूपण या प्रकरणांत केले आहे. लोकांना अन्न नाही, अंथरूण-पांघरूण नाही, घर बांधावयास सामग्री नाही, कित्येक देशोधडीला लागले, कित्येकांनी जीव दिला, असे ते एखाद्या प्रत्यक्षदर्शी कारकुनाप्रमाणे नोंदवीत जातात. संतवाङ्मयात इतके कोरडे आणि म्हणूनच इतके हेलावून टाकणारे लेखन क्वचितच आढळते. ईश्वरभक्ताने या दुःखाकडे पाठ फिरवून केवळ आपला मोक्ष साधावा काय, हा प्रश्न येथूनच समर्थांच्या मनात घर करून राहिला.

पुढील बारा वर्षे ते पायी भारतभर फिरले. काशी, अयोध्या, बदरीनारायण, जगन्नाथपुरी, रामेश्वर, द्वारका ही क्षेत्रे त्यांनी पाहिली आणि देवालयांबरोबर देशाची स्थितीही पाहिली. उत्तरेत मोगल, दक्षिणेत आदिलशाही व कुतुबशाही, कोकणच्या समुद्रावर पोर्तुगीज आणि सुरतेच्या वखारीत इंग्रज असा तो काळ होता. हिमालयातील श्रीनगर येथे शिखांचे सहावे गुरू हरगोविंदजी यांची व समर्थांची भेट झाली, असे शीख परंपरेत सांगितले जाते. शस्त्र धारण करून घोड्यावर बसणारे ते धर्मगुरू. ही भेट परंपरेनेच सांगितली असली, तरी ज्या विचाराच्या शोधात समर्थ होते त्याला ती साजेशी आहे.

१६४४ च्या सुमारास पैठणमार्गे ते जांबेस आले. घर सोडून चोवीस वर्षे झाली होती. मातोश्री राणूबाईंची दृष्टी पुत्रविरहाने गेली होती आणि समर्थांच्या स्पर्शाने ती परत आली, अशी कथा सांप्रदायिक चरित्रांत आहे. समर्थ घरी राहिले नाहीत. मात्र पुढे मातेच्या अंतकाळी ते जांबेत उपस्थित होते, असे हीच चरित्रे सांगतात. विरक्ताने आईला विसरावे, असे त्यांनी मानले नाही.

आता समर्थांच्या शक्तिविचाराकडे वळू. दासबोधात वीस दशक, दोनशे समास आणि ७,७५१ ओव्या आहेत. त्यात ब्रह्म निश्चळ म्हटले असून त्या निश्चळात उठलेले पहिले स्फुरण म्हणजे मूळमाया असे प्रतिपादन आहे. हे स्फुरण वायूसारखे आहे आणि त्या वायूत जाणीव आहे. देहाचे चलनवलन, झाडाची वाढ, पाण्याचा ओघ, मनातील विचार हे सर्व त्याच एका चंचळ शक्तीचे व्यापार होत. सर्वांच्या अंतरी वावरणारा तो जाणता अंतरात्मा ओळखला की जगाशी वैर उरत नाही. वायुपुत्र मारुती हे समर्थांचे आराध्य का झाले, याचे एक उत्तर या विवेचनात सापडते. मारुतीच्या ठायी बळ आहे, बुद्धी आहे आणि हे दोन्ही रामाच्या सेवेस वाहिलेले आहे. सेवेविना बळ उन्मत्त होते आणि बळाविना सेवा दुबळी राहते, हे त्यांनी पारतंत्र्यातील समाजात जवळून पाहिले होते.

देवीची उपासनाही याच विचारातील होय. तुळजाभवानीवर त्यांनी रचना केल्या. प्रतापगडच्या देवीपुढे त्यांनी स्वतःसाठी काही न मागता राजाचा उत्कर्ष मागितला. अंगापूरच्या डोहात श्रीरामाबरोबर मिळालेली अंगलाई देवी सज्जनगडावर आजही पूजिली जाते.

१६४५ साली मसूर येथे समर्थांनी रामनवमीचा उत्सव सुरू केला आणि १६४८ साली चाफळ येथे श्रीरामाचे मंदिर उभे राहिले. साधारणपणे १६४४ ते १६५५ या काळात शहापूर, मसूर, चाफळ (दोन), उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव, बहे, मनपाडळे, पारगाव व शिराळा या ठिकाणी अकरा मारुतींची स्थापना झाली. हे सर्व आजच्या सातारा, सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. गावोगावी मारुतीपुढे तरुणांनी जमावे, व्यायाम करावा, एकमेकांच्या अडीअडचणी जाणाव्यात, ही त्यामागील योजना होती. मठांचे जाळे पुढे दक्षिणेत तंजावरपर्यंत पसरले. मठाचा महंत भिक्षेस निघे तो केवळ पोटासाठी नव्हे. भिक्षेच्या निमित्ताने लहानथोरांच्या घरची स्थिती कळते आणि माणसांची पारख होते, असे समर्थांनी स्पष्टच लिहून ठेवले आहे.

समाजाविषयीचे त्यांचे चिंतन फार बारीकसारीक गोष्टींपर्यंत उतरलेले दिसते. प्रपंच नीट करावा व मग परमार्थाचा विवेक धरावा, प्रपंच टाकून परमार्थ करू जाणारा दोन्हीकडून कष्टी होतो, अशी त्यांची शिकवण होती. प्रयत्नाला त्यांनी देवाच्या जागी मान दिला. दासबोधात चांगले अक्षर कसे काढावे, लेखणी कशी तासावी यावर एक स्वतंत्र समास आहे. बागेत कोणती झाडे लावावीत आणि इमारतीचे काम कसे चालवावे, यांवरही त्यांची प्रकरणे आहेत. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या पुरुषास लेखणीच्या टोकाची काळजी वाटावी, यातच त्यांचे वेगळेपण आहे. बालविधवा असलेल्या वेणाबाईंना त्यांनी उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला आणि मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपविला. चाफळ व सज्जनगडाची व्यवस्था अक्काबाईंनी पाहिली. विधवेचे दर्शनही अशुभ मानणाऱ्या काळात हे धैर्याचे पाऊल होते. वर्णव्यवस्थेसंबंधी मात्र त्यांचे विचार त्यांच्या काळाच्या चौकटीतच राहिले आणि त्यावर पुढील काळात टीकाही झाली, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

राजकारण हा शब्द समर्थांनी दासबोधात नि:संकोच वापरला. हरिकथेला पहिले स्थान, राजकारणाला दुसरे आणि सर्वांविषयी सावधपणाला तिसरे, असा त्यांचा क्रम आहे. लोकांची मने राखून त्यांना एकत्र जोडणे, हा राजकारणाचा त्यांना अभिप्रेत अर्थ होता. छत्रपती शिवाजी महाराज व समर्थ यांच्या भेटीसंबंधी विद्वानांत दीर्घकाळ वाद आहे. संप्रदायाच्या मते १६४९ साली शिंगणवाडी येथे महाराजांना अनुग्रह झाला, तर अनेक इतिहाससंशोधक कागदपत्रांच्या आधारे पहिली भेट १६७२ च्या सुमारास झाली असे मानतात. स्वराज्य ही महाराजांच्या स्वयंप्रेरणेची निर्मिती आहे, हे मान्य केल्याने समर्थांचे काही उणे होत नाही. दुष्काळाने व परचक्राने खचलेल्या रयतेला पुन्हा ताठ उभे राहावयास शिकविणे, हे त्यांचे कार्य स्वतंत्र आणि पुरेसे मोठे आहे. १६८० मध्ये महाराज निवर्तल्यावर समर्थांनी संभाजी महाराजांना पद्यरूप पत्र पाठविले. कोप आवरावा, मागील अपराध पोटात घालावेत, माणसे जोडावीत, आपसांतील भांडणाने तिसऱ्याचे साधते, आणि पित्याचे स्मरण ठेवून त्याहून अधिक करून दाखवावे, असा त्याचा आशय आहे. औरंगजेब प्रचंड सैन्यासह दक्षिणेत उतरण्याच्या बेतात असताना एका वृद्ध बैराग्याने दिलेला हा सल्ला त्या वेळच्या परिस्थितीचे अचूक निदान होता.

शेवटची वर्षे समर्थांनी सज्जनगडावर घालविली. तंजावरहून घडवून आणलेल्या राम, लक्ष्मण, सीता व मारुती यांच्या पंचधातूच्या मूर्ती त्यांच्या अखेरच्या दिवसांत गडावर पोहोचल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ च्या जानेवारीत, या मूर्तींसमोर त्यांनी देह ठेवला. हीच तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांचे कार्य मराठवाड्यातच झाले. धाराशिव जिल्ह्यातील परांडा तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव येथे त्यांचा मठ आहे. समर्थ सांगत आणि कल्याण लिहीत, अशी ही जोडी होती. कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगाव मठाने शतकानुशतके जपली. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थांच्या कागदपत्रांसाठी गावोगावचे मठ धुंडाळले, तेव्हा ती त्यांच्या अभ्यासास उपलब्ध झाली. १९०५ साली याच प्रतीवरून दासबोध छापून प्रसिद्ध झाला आणि आज घरोघरी वाचला जातो तो पाठ मुख्यतः तिच्यावरच आधारलेला आहे. जांबेहून पुढे जाणाऱ्या भाविकांनी शक्य झाल्यास डोमगावचेही दर्शन घ्यावे.