लक्ष्मीबाई टिळकांची श्रद्धा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात ज्या थोड्या उच्चवर्णीय कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांचा इतिहास बहुधा पुरुषांच्या वैचारिक प्रवासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याबाबतही हेच घडले. त्यांचे वाचन, त्यांची अस्वस्थता, १८९३ साली रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून त्यांना मिळालेला नवा करार, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. परंतु त्याच घरात त्याच श्रद्धेपर्यंत दुसरी एक व्यक्ती अगदी निराळ्या वाटेने पोहोचली. तिच्यापाशी ना ग्रंथांचा अभ्यास होता, ना वादविवादाची हौस.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांचे सोवळे इतके विलक्षण होते की, मीठ-साखरेसारखे जिन्नसही धुतल्याशिवाय घरात घेतले जात नसत. मीठ आणि साखर धुतल्यावर हाती काय उरते, हे सांगावयास नकोच! अशा घरातून वयाच्या अकराव्या वर्षी ही मुलगी टिळकांच्या संसारात आली. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती पतीकडून.

टिळक मोठे कवी होते, उदारही होते. परंतु त्यांच्याबरोबर संसार करणे ही सोपी गोष्ट नव्हती. हातात आलेला पैसा घरी पोहोचेलच याची शाश्वती नसे, नोकरी एका गावी स्थिर नसे, आणि संताप आला की तो आवरत नसे. या सगळ्यात घर चालवण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे राहिले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि या संसाराचे दोन तुकडे झाले. पत्नीच्या दृष्टीने ही घटना म्हणजे धर्मांतरापेक्षाही भयंकर असे काही होते. पती जिवंत, पण समाजाच्या लेखी तो गेल्यातच जमा. म्हणजे ती ना धड सधवा, ना विधवा. लहानग्या दत्तूला सांभाळत सुमारे पाच वर्षे तिने नातलगांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरात, काढली. दुःखाने शरीर खंगले, मन भ्रमिष्ट होण्याच्या सीमेवर आले. याच काळात ती कविता करू लागली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पतीच्या पद्यमय पत्रांना तिनेही पद्यातच उत्तरे धाडली. ज्या बाईला जोडाक्षरे लिहिताना अडखळावे लागे, तिने आपले सर्वांत अवघड दिवस शब्दांच्या आधाराने पार केले.

पुढे ती पतीकडे अहमदनगरला परतली, ती मात्र हिंदू म्हणूनच. आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी तिने वेगळे राखले आणि टिळकांनी त्यास हरकत घेतली नाही. या संयमाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे; धर्मप्रसाराच्या उत्साहात असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात गप्प राहणे फार कठीण. बदल झाला तो हळूहळू. शिवाशीव देवाने निर्माण केली की माणसांनी, हा प्रश्न तिच्या मनात घर करून बसला. उत्तर मिळाले तेव्हा तिने ते स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीपाशी अमलात आणले. ज्यांच्या स्पर्शाचा लहानपणी धाक घातला गेला होता, त्यांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास ती सिद्ध झाली. धुतलेल्या मिठाच्या घरातली ही मुलगी! बाप्तिस्मा आला तो यानंतर, १९०० साली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. श्रद्धा लाभली म्हणून लक्ष्मीबाईंच्या अडचणी कमी झाल्या असे नव्हे. उलट दुष्काळात उघड्यावर पडलेली अनाथ मुले घरात आली आणि तुटपुंज्या मिळकतीत खाणारी तोंडे वाढली. प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करण्याचे धाडसही तिने केले. मुलासारखा घरात वावरलेला तरुण कवी ठोमरे, म्हणजे बालकवी, १९१८ साली रेल्वेअपघातात गेला. त्याआधीच, १९१७ साली, टिळकांनी मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली होती. म्हणजे ठरावीक पगारही गेला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचेही मुंबईत निधन झाले.

बदलले ते या साऱ्याकडे पाहण्याचे डोळे. जी स्त्री १८९५ च्या आघाताने वेडाच्या उंबरठ्यावर गेली होती, तीच पुढच्या आघातांतून माणसांत वावरत, काम करीत, हसत उभी राहिली. देव आपल्या पाठीशी आहे या खात्रीचा तिने उपदेशासाठी फारसा उपयोग केला नाही. ती खात्री तिच्या विनोदात दिसते. विशेषतः स्वतःच्या फजितीवर आणि पतीच्या लहरींवर कडवटपणा न आणता हसण्याच्या तिच्या सामर्थ्यात. क्षमा हा शब्द न वापरता तिने क्षमा केली, असे म्हणावे लागेल. कराचीसारख्या दूरच्या शहरीही, मुलाच्या संसारात, तिने स्वतःला सामावून घेतले.

टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून द्याव्यात, असा मुलाचा, देवदत्तांचा, आग्रह होता. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ सिद्ध झाली आणि १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठी गद्यातील अव्वल दर्जाचे हे पुस्तक शाळेत न गेलेल्या एका वृद्धेचे आहे, याचा विसर आता अनेकांना पडला असेल. त्याच वेळी दुसरे एक काम चालू होते. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते, पण जेमतेम दहा अध्याय होऊन ते राहून गेले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून आले, तेव्हा त्यातले बहुतेक काव्य त्यांचे होते.